ऑर्किड: प्राध्यापकांची कारकीर्द तपासायला कितपत उपयोगी?
विद्यापीठाच्या संकेतस्थळावरचा प्राध्यापक-परिचय बऱ्याचदा जुना असतो. अशा वेळी ऑर्किड (ORCID), म्हणजे प्रत्येक संशोधकाला स्वतंत्र ओळख-क्रमांक देणाऱ्या ऑनलाइन नोंदणीतली, २०१२ पासून मोफत मिळणारी नोंद खरंच कामाला येते, फक्त ती वाचता आली पाहिजे.

नोकरी आणि शिक्षणाच्या प्रत्येक नोंदीबरोबर ‘स्रोत’ दिलेला असतो. आधी तोच पाहा. तिथे त्या व्यक्तीचंच नाव असेल, तर माहिती तिने स्वतः भरलेली आहे. संस्थेचं नाव असेल, तर ती संस्थेकडून आलेली आहे. जास्त वजन हिलाच द्या. नेहमीचा घोळ म्हणजे जुनी नोकरी सोडल्याची तारीख भरायची राहते आणि माणूस एकाच वेळी दोन विद्यापीठांत कार्यरत दिसतो. नोंद रिकामी दिसली म्हणून अनुभव नाही असं समजू नका, कारण प्रत्येक बाब फक्त स्वतःपुरती ठेवता येते.

एकाच नावाच्या दोन संशोधकांना वेगळं ओळखण्यात मात्र हिचा १६ अंकी क्रमांक फार चोख. शेवटी ‘एक्स’ दिसला तर ती चूक नव्हे, तो तपासणी-अंक आहे, म्हणजे क्रमांक लिहिताना चूक झाली का हे ओळखण्यासाठीचा अंक.

लेखा विभाग किंवा कुलसचिव कार्यालयातल्या कर्मचाऱ्यांसाठी हिचा उपयोग जवळपास नाही.