लॅपटॉपचं डिपॉझिट आणि गेलेले १७,६४९ रुपये

खोट्या इंटर्नशिपच्या नादात किती गेले तो आकडा आधी सांगून टाकते, म्हणजे मग लाजायला काही उरणार नाही. ९९९, मग ४,८५०, मग ११,८००, एकूण १७,६४९ रुपये. पहिले दोन माझ्या ट्यूशनच्या कमाईतले, शेवटचे बाबांचे. मी कॉम्प्युटर इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि हो, मागच्या वर्षी फिशिंगवर, म्हणजे खोट्या मेल-लिंकांनी होणाऱ्या फसवणुकीवर, सेमिनार मीच दिला होता. त्यामुळे 'शिकलेली पोरगी असून' हे वाक्य कुणी बोलायचं राहिलेलं नाही, मावशीपासून शेजारच्या काकांपर्यंत सगळ्यांचं बोलून झालंय.

आम्ही डिचोली तालुक्यातले. इकडे सॉफ्टवेअरची इंटर्नशिप मिळवणं म्हणजे काय ते इकडच्याच पोरांना माहीत. वेर्ण्याला फॅक्टऱ्या आहेत, फार्मावाले आहेत, पण मोठ्या आयटी कंपन्या गोव्यात कितीशा? सिनियर सगळे पुणे नाहीतर बेंगळुरू. कॉलेजला क्रेडिटसाठी इंटर्नशिपचं लेटर हवंच, शेवटची तारीख ठरलेली, आणि प्लेसमेंट सेल करतो काय तर ग्रुपवर लिंका फॉरवर्ड करतो. मी चाळीसेक अर्ज टाकले होते, एकाचंही उत्तर नाही. अशा वेळी एप्रिलच्या शेवटी एका खूप मोठ्या कंपनीच्या नावाने मेल येतो की तुमचा प्रोफाइल शॉर्टलिस्ट झालाय, दोन महिने, स्टायपेंड महिना २५,०००. तुम्ही काय केलं असतं ते आता घरी बसून सांगू नका.

आणि मी काहीच तपासलं नाही असंही नाही. ऑफर लेटरवर कंपनीचा सीआयएन, म्हणजे सरकारी नोंदणीचा नंबर होता, २१ अक्षर-आकड्यांचा, तो मी कंपनी खात्याच्या साइटवर टाकून बघितला. खरा निघाला. मी खूश! आता कळतं की तो नंबर कंपनीच्या वेबसाइटवर खालीच छापलेला असतो, कुणीही उचलून लेटरवर चिकटवू शकतो. बघायला हवा होता मेलचा पत्ता. अॅटच्या पुढे कंपनीच्या नावाला हायफन देऊन 'करिअर्स' जोडलेलं. ते डोमेन, म्हणजे अॅटच्या पुढचं वेबसाइटचं नाव, कधी रजिस्टर झालं हे बघायला एक मिनिट लागतं, मी बघितलं सगळं संपल्यावर, मेल यायच्या फक्त नऊ दिवस आधी. पीडीएफच्या प्रॉपर्टीजमध्ये गेले तर ते लेटर कॅन्व्हात, म्हणजे पोस्टर-पत्रिका बनवायच्या फुकट अॅपात बनवलेलं. एवढी मोठी कंपनी कॅन्व्हात लेटर बनवते होय!

इंटरव्ह्यू मात्र झाला होता हं. गूगल मीटवर, समोरच्याचा कॅमेरा बंद, 'कंपनी पॉलिसी' म्हणे. बावीस मिनिटं. लिंक्ड लिस्ट उलटी कशी करायची ते विचारलं, प्रायमरी की आणि युनिक की यातला फरक विचारला, एका ठिकाणी मी अडले तर हिंटसुद्धा दिली. चोर इतकी तयारी करून येतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

९९९ रजिस्ट्रेशनचे. रक्कम इतकी छोटी की विचारच केला नाही, ती छोटी ठेवतात ते त्यासाठीच. ४,८५० बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनचे, त्याबरोबर आधार, पॅन आणि कॅन्सल चेकचा फोटो. हे पण मी दिलं, लिहून ठेवते.

मग लॅपटॉप. पहिले दोन आठवडे घरून काम, त्यासाठी कंपनीचा लॅपटॉप कुरियरने येणार, त्याचं रिफंडेबल डिपॉझिट १०,००० आणि वर १८ टक्के जीएसटी १,८००. आता मला सांगा, परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर जीएसटी कसला? कॉमर्सला असलेल्या माझ्या मैत्रिणीने हे दोन सेकंदात ओळखलं, फक्त मी तिला दाखवलं पैसे गेल्यावर.

माझ्या खात्यात एवढे नव्हते म्हणून बाबांकडे गेले. बाबांचा खनिजाचा ट्रक होता. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने खाणींच्या ८८ लीज रद्द केल्यावर खाणी परत बंद पडल्या तेव्हा तो विकला, आता जुना पिकअप चालवतात. मागच्या दोन टायरांसाठी पैसे बाजूला ठेवले होते, पावसाच्या आधी बदलायचे म्हणून. एक शब्द न बोलता त्यांनी फोन काढला, मी माझ्या स्क्रीनवरचा क्यूआर समोर धरला, त्यांनी स्कॅन केला.

वर नाव आलं. एका बाईचं नाव, तेही कुठल्यातरी लांबच्या राज्यातलं वाटणारं. खाली रक्कम. बाबा चष्मा कपाळावर चढवून फोन डोळ्यांजवळ नेऊन वाचतात, एकेक अक्षर. तसं वाचलं आणि विचारलं, "हांगा कंपनीचें नांव खंय गो?" (इथे कंपनीचं नाव कुठे आहे गं? घरी आम्ही कोंकणीच बोलतो, मराठीत लिहिते कारण शाळा मराठी.) मी काय म्हटलं माहितेय? "ती फायनान्सची बाय आसतली. तुका कळना बाबा." कळत नाही म्हणे! दहावीपर्यंत शिकलेल्या माणसाला जे नाव वाचून कळलं ते मला कळलं नाही, आणि वर मीच त्यांना गप्प केलं. त्यांनी पिन टाकला. टिंग वाजलं. रात्री अजून कधीकधी ते टिंग कानात वाजतं.

लॅपटॉप 'डिस्पॅच' झाल्याचा मेसेज आला आणि लगेच चौथी मागणी, पुण्यात हॉस्टेलचे ७,५००. मी म्हटलं पुण्याला माझी आत्या आहे, कोथरूडला, मला हॉस्टेल नको. तर ती 'एचआर मॅडम' म्हणते कंपल्सरी आहे, अर्ध्या तासात भरा नाहीतर ऑफर कॅन्सल. आत्याकडे राहणाऱ्या मुलीला हॉस्टेलची सक्ती कोण करतं? तिथे डोक्यात उजेड पडला. मी "आधीचे परत करा" लिहिलं तर पाच मिनिटांत तिने तिचे सगळे मेसेज डिलीट करून मला ब्लॉक केलं. माझ्याकडे उरले तीन स्क्रीनशॉट. चॅट चालू असतानाच स्क्रीनशॉट काढत जा, संशय येईपर्यंत थांबू नका.

यापुढची चूकही माझीच. लाजेपायी दोन दिवस कुणाला बोलले नाही. १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर, फोन लावला तो तिसऱ्या दिवशी. तो फोन पहिल्या तासात करायचा असतो, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत थांबवले तरच थांबतात. रडायचं ते नंतर रडा. आणि प्रत्येक व्यवहाराचा बारा आकडी यूपीआय रेफरन्स नंबर हाताशी ठेवा, तोच सगळीकडे मागतात.

आता साहेबलोकांची गोष्ट. बँकेत गेले, काउंटरवरून सांगण्यात आलं की पिन तुम्हीच टाकलाय, ऑथोराइज्ड ट्रान्झॅक्शन आहे, आम्ही काही करू शकत नाही. कामाच्या तीन दिवसांत कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी शून्य हा रिझर्व्ह बँकेचा नियम फक्त आपल्या नकळत झालेल्या व्यवहाराला, हे मला तिथे उभ्याउभ्या समजलं. ठीक, नियम आहे. पण स्टेटमेंटवर शिक्का मारायला तीन फेऱ्या? एकदा शिक्का मारणारे लंचला, एकदा सिस्टम डाउन, एकदा म्हणे खातं बाबांचं आहे त्यांना आणा. बाबा भाडं सोडून आले.

पोलीस ठाण्यात तर विचारू नका. जून लागलेला, पाऊस धो धो, कागद प्लास्टिकच्या पिशवीत छातीशी धरून गेले. "हे आमच्याकडे नाही, सायबरवाल्यांकडे जा." तिकडे गेले, "रक्कम छोटी आहे, आधी तुमच्या ठाण्यात द्या." परत इकडे. मी वाचून गेले होते की १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या कायद्यात, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असली तरी तक्रार नोंदवून घ्यावी लागते, तसं बोलले, तर हवालदार हसून म्हणतो, "म्हाका कायदो शिकयता गो? इंजिनियर न्ही तूं?" बाकावरचे दोघे हसले. बाबा बाजूला उभे होते. १७,६४९ गेल्याचं जितकं लागलं नाही तितकं ते हसणं लागलं. शेवटी अर्ज घेतला, पोचपावती मागितली तर झेरॉक्सवर एक वाकडी सही. झेरॉक्स आणि प्रिंटचेच ८४ रुपये झाले, तेही हिशोबात धरा.

कॉलेज म्हणालं ही लिंक आमची नव्हे, आणि कॉलेजचं नाव कुठे लिहू नकोस. नाही लिहीत. खऱ्या कंपनीला मेल केला, उत्तर मशीनचं, आम्ही कधीच पैसे मागत नाही. अहो मग हे वेबसाइटवर सातव्या पानाच्या तळाला का लिहिता?

नंतर कळलं की ज्या खात्यात पैसे गेले त्यात १,३१२ रुपये अडकवून ठेवलेत. ते मिळायला कोर्टाची ऑर्डर आणा म्हणाले. १,३१२ साठी वकील करू?

ज्यांनी माझ्यासारखे आधार-पॅन दिलेत त्यांनी आधारचं बायोमेट्रिक लॉक करा, संचार साथी या सरकारी साइटवर जाऊन आपल्या नावावर किती सिम आहेत ते बघा, क्रेडिट रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट मिळतो तो काढा, न घेतलेलं कर्ज त्यात दिसतं. आणि इंटर्नशिपवाल्याने एक रुपया जरी मागितला तरी तिथेच उठा, मग लेटरवर कुणाचाही लोगो असू दे.

टायर अजून तेच आहेत. परवा साखळीच्या बाजारात बाबांबरोबर सुके बांगडे घ्यायला गेले होते. बाबांनी क्यूआर स्कॅन केला, चष्मा कपाळावर चढवला आणि वर आलेलं नाव मोठ्याने वाचून बांगडेवालीला विचारलं, "हें तुजेंच मगो?" ती म्हणाली, "म्हज्या पुताचें." बाबांनी एकदा माझ्याकडे बघितलं, फोन खिशात घातला आणि रोख दिले.