पॅनोरमिक सनरूफवर रूफ बार: नऊ महिने वापरल्यावरचा अनुभव

सामान बांधायला गाडीच्या छपरावर आडवे लावतात ते रूफ बार आम्ही नोव्हेंबरमध्ये बसवले, आता ऑगस्ट चालू आहे, म्हणजे एक उन्हाळा आणि अर्ध्याहून जास्त पावसाळा बघून झाला, म्हणून आता सविस्तर लिहिते. घ्यायच्या आधी मला नेमकी हीच माहिती हवी होती आणि दुकानात विचारलं की एकच उत्तर मिळायचं, "बसतात मॅडम, सगळ्या गाड्यांना बसतात."

आमची मधल्या साइजची एसयूव्ही, वर जवळजवळ सगळं छप्पर काचेचं. मुलगी सायकलिंग करते, रविवारी पहाटे मुलुंडहून ऐरोली पूल ओलांडून पाम बीच रोडला जायचं असतं. आणि गाव गुहागरकडे, जाणारी माणसं पाच. गेल्या गणपतीला सासूबाईंनी चिपळूणपर्यंत मांडीवर बॅग घेऊन प्रवास केला, त्यांचे पाय सुजले, तेव्हाच ठरवलं की सामान वर गेलं पाहिजे.

पहिली गोष्ट, गाडीला रेल (छपराच्या दोन्ही कडांच्या लांब पट्ट्या, ज्यांवर बार बसतात) दिसतात म्हणजे त्यावर वजन टाकता येतं असं अजिबात नाही. आपल्याकडे बऱ्याच गाड्यांवरचे रेल नुसते शोभेचे असतात, आणि एकाच मॉडेलच्या दोन व्हेरियंटमध्येसुद्धा फरक असू शकतो. मॅन्युअलमध्ये छपरावर किती किलो चालतात ते लिहिलेलं आहे का बघा, आणि रेल भार घेणारे नाहीत असं लिहिलं असेल तर तिथेच थांबा. आमच्यात ७५ किलो लिहिलंय. पण या आकड्यात बारचं, स्टँडचं वजन पण धरायचं असतं, हे कोणी सांगत नाही. आमचा हिशोब असा: दोन बार मिळून ६ किलो, सायकलचे दोन स्टँड ८, दोन सायकली २४, झाले ३८. आणि हा आकडा चालत्या गाडीचा असतो, उभ्या गाडीचा नाही.

मग रेल कुठल्या प्रकारचे ते बघायचं. रेल आणि छपरामध्ये बोटं आरपार जातात का? जात असतील तर बारचा क्लॅम्प, म्हणजे पकड, रेलला पूर्ण विळखा घालतो. रेल छपराला चिकटून असेल तर बारच्या टोकाला वेगळा पाय लागतो जो रेलच्या आतल्या कडेला पकडतो. थुले, याकिमा या बार बनवणाऱ्या कंपन्यांच्या वेबसाइटवर गाडी आणि साल टाकलं की कुठलं किट लागतं ते येतं, दुसरं काही घेणार असाल तरी ते एकदा बघून घ्या.

आता मुख्य मुद्दा, काच. आमच्या सनरूफचा पुढचा भाग आधी मागच्या बाजूने वर उचलतो आणि मग मागच्या काचेच्या वरून सरकत जातो, म्हणजे बारच्या खालून. शिवाय उघडताना पुढे वारा अडवणारा जाळीचा डिफ्लेक्टर उभा राहतो तो वेगळाच. मी आधी ऑनलाइन साडेतीन हजारांचे युनिव्हर्सल बार मागवले, लोखंडी चौकोनी पाइपचे. बसले. पण सरकणारी काच आणि बार यांच्यात नक्की किती जागा उरते ते वाकून बघून कळेना, शेवटी स्वयंपाकघरातून कणकेचे दोन गोळे आणले, प्लास्टिकमध्ये गुंडाळून काचेच्या मागच्या कडेवर ठेवले आणि नवऱ्याला हळूहळू सनरूफ उघडायला सांगितलं, मी स्टुलावर उभी. बारखालून जाऊन आल्यावर गोळा दाबून जेवढा उरला तेवढी जागा. ती निघाली ९ मिलिमीटर. मग सनरूफ बंद करून बारवर फळी टाकून तांदळाच्या २५ किलोच्या दोन गोण्या ठेवल्या तर मधोमध बार ६ मिलिमीटर खाली आला. राहिले ३, आणि स्पीडब्रेकरचा धक्का अजून यात धरलेलाच नाही. त्याच संध्याकाळी काढून परत पाठवले.

नंतर गाडीच्या नेमक्या किटचे अ‍ॅल्युमिनियमचे चपट्या पंखासारख्या आकाराचे घेतले, फिटिंगसकट २८ हजार गेले. महाग आहेत, मला मान्य आहे, पण तीच कणकेची परीक्षा घेतली तर १९ मिलिमीटर जागा आणि तेवढ्याच वजनाखाली जेमतेम २ चा झोक. हा पैसा मला कधीच जड वाटला नाही. तरी वर सामान असताना सनरूफ उघडायचं नाही हे घरात सगळ्यांना सांगून ठेवलंय, मॅन्युअलमध्येही तसंच आहे. बार रिकामे असले तरच उघडतो.

बसवताना रेल ओल्या फडक्याने नीट पुसून घ्या, रबराखाली धुळीचा कण राहिला की रंगावर कायमचा ओरखडा. बोल्ट हाताच्या जोराने आवळू नका, किटबरोबर येणारी किल्ली ठरावीक जोराला कट् करते तिथे थांबायचं. पहिल्या ५० किलोमीटरनंतर परत तपासले तर एक पाय चक्क अर्धा फेरा सैल निघाला.

आवाज येतो. काचेच्या छपरातून जरा जास्तच जाणवतो कारण वर अस्तराचा जाड थर नाही. ६० पर्यंत काही नाही, ईस्टर्न एक्सप्रेस हायवेला ८० च्या पुढे बारीक शीळ. आतला पडदा ओढला की थोडा कमी होतो. मायलेज रिकाम्या बारने १४ वरून साडेतेरा, सायकली वर असल्या की साडेअकरा. म्हणून आठवड्याच्या मधल्या दिवसांत गाडी वापरायची असेल तर मी बार काढूनच ठेवते, दहा मिनिटांचं काम आहे.

मे महिन्यात गावी जाताना वर मऊ रूफ बॅग, ३० किलो, त्यात फक्त कपडे आणि अंथरूण. परशुराम घाटात वळणावर गाडी थोडी जास्त झुकते हे स्टिअरिंगवरच कळतं, वेग कमीच ठेवला. येताना आंब्याच्या पेट्या खाली डिकीत आणि कपडे वर, जड वस्तू कधीच वर नाही. पट्टा बांधताना त्याला एक पीळ द्या, सपाट राहिला तर वाऱ्याने ढोल वाजल्यासारखा फडफडतो. आणि पट्ट्याचं बकल काचेवर येता कामा नये, त्याखाली जुन्या टॉवेलची घडी ठेवते.

जूनमध्ये पहिल्या मोठ्या पावसात पुढच्या खांबाजवळून आत थेंब पडायला लागले आणि माझ्या पोटात गोळाच आला, वाटलं बारच्या ताणाने छप्पर वाकलं. मेकॅनिकने सनरूफ उघडून कोपऱ्यातल्या भोकात मगाने हळूहळू पाणी ओतलं, ते उतरेचना. पाणी जायची नळी गच्च भरली होती, आमच्या गल्लीतल्या गुलमोहराच्या पाकळ्या आणि धूळ. साफ केली, तेव्हापासून थेंब नाही. बारचा संबंध नव्हता, पण बारमुळे छपरावर हात नीट फिरत नाही आणि कचरा साचतो हे खरं, त्यामुळे मे अखेर एकदा बार काढून सगळं साफ कराच.

उंचीचं मात्र रोज लक्षात ठेवावं लागतं. सायकल उभी असली की आमची उंची २.८५ मीटर होते आणि मॉलच्या बेसमेंटला २.१ ची पाटी असते. डॅशबोर्डवर आकडा लिहून चिकटवलाय, आणि सायकल वर असली की मुलगी गेटपाशी स्वतः उतरून बघते.

खाऱ्या दमट हवेत बोल्टवर पांढरट थर धरायला लागला होता, जुलैमध्ये काढून पुसून ग्रीस लावलं. आता गणपतीला निघायच्या आदल्या दिवशी परत एकदा चारही पाय आवळून बघणार आहे. सासूबाईंना सांगून ठेवलंय, या वेळी मांडीवर फक्त मोदकाचा डबा.