मुलाची केस: सॉलिसिटरमार्फत बॅरिस्टर की थेट बॅरिस्टर?

इंग्लंड-वेल्समध्ये मुलाचं प्रकरण कोर्टात गेलं की आईवडिलांपुढे दोन वाटा असतात: सॉलिसिटर (प्रकरणाची कागदोपत्री कामं सांभाळणारा वकील) नेमून त्याच्यामार्फत बॅरिस्टर (कोर्टात बाजू मांडणारा वकील) घेणं, किंवा ‘पब्लिक अ‍ॅक्सेस’खाली बॅरिस्टरला थेट गाठणं.

थेट गेलं तर बरेचदा खर्च वाचतो, फीही आधीच ठरते. पण सी१०० अर्ज (मूल कुणाकडे राहील, कुणाला कधी भेटेल हे ठरवण्यासाठीचा कोर्टाचा अर्ज) दाखल करणं, समोरच्या पक्षाशी पत्रव्यवहार, सुनावणीआधी कागदपत्रं क्रमाने लावणं, ही धावपळ सहसा तुमच्याच गळ्यात पडते. बॅरिस्टर मसुदा करून देईल, कोर्टात बाजू मांडेल. तुमच्या वतीने अर्ज दाखल करण्यासारखी कामं करण्याची वेगळी परवानगी मोजक्यांकडेच असते. शिवाय या वाटेने लीगल एड (वकिलासाठी सरकारी मदत) मिळत नाही.

म्हणून कौन्सिलनेच (स्थानिक प्रशासनाने) मूल काढून घेण्यासाठी केअर प्रोसीडिंग्ज सुरू केली असतील, तर विचार करत बसू नका, आधी सॉलिसिटर गाठा. तिथे आईवडिलांना उत्पन्न न पाहता लीगल एड मिळतं, आणि प्रकरण सर्वसाधारणपणे २६ आठवड्यांत निकाली काढायचं असल्याने हाताशी वेळ थोडा असतो.

नवरा-बायकोतल्या वादात, कागदपत्रं सांभाळायची तयारी असेल, तर थेट वाट मला पटते. मात्र मुलाला सुट्टीत पुण्याला नेण्यावरून वाद असेल, तर वाट कुठलीही धरा, बॅरिस्टरला पहिल्याच भेटीत विचारा: भारत १९८० च्या हेग करारात (परदेशी नेऊन ठेवलेलं मूल परत आणण्याच्या आंतरराष्ट्रीय करारात) नाही, अशा देशांची प्रकरणं तुम्ही चालवली आहेत का? नुसता ‘फॅमिली लॉ’चा अनुभव इथे पुरत नाही. मूल परत येईल याची हमी काय, हे न्यायाधीश खोदून खोदून विचारतात.