मधल्या मारुतीजवळचं बिल्ल्यांचं दुकान

एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन दुकानदारांचे जाहिरातीचे बिल्ले सोलापुरात हातात घेऊन, पारखून विकत घेता येतात. मधल्या मारुतीजवळच्या बोळात हे जुन्या नाण्यांचं दुकान आहे. पाटी नाही, विचारत जावं लागतं. आत एक लाकडी खण निव्वळ या बिल्ल्यांचा. त्या खणासाठी पाचपैकी पाच.

नुकताच तिथून १८६३ सालचा, न्यूयॉर्कच्या लिंडेनम्युलर नावाच्या गुत्तेवाल्याचा बिल्ला घेतला. एका बाजूला दाढीवाला चेहरा, दुसऱ्या बाजूला बियरचा मग. अमेरिकेच्या यादवी युद्धात लोकांनी नाणी दडवून ठेवली, १८६२ मध्ये साधा सेंटही मिळेना. सुट्ट्यांवाचून गिऱ्हाईक परत जायला लागलं, तेव्हा व्यापाऱ्यांनी आपल्या नावाचे तांब्याचे बिल्ले पाडून घेतले. या गुत्तेवाल्यानं तर दहा लाखांच्या वर काढले. थर्ड ॲव्हेन्यू रेलरोड या तिथल्या ट्राम कंपनीकडे भाड्यापोटी ते ढिगानं साठले. कंपनीनं बदली पैसे मागितले, यानं साफ नकार दिला. १८६४ मध्ये कायद्यानं असले खाजगी पैसे बंदच केले. मी चादरींचा व्यापारी. स्वतःच्या नावाचा तुकडा बाजारात सोडायचा आणि परत आला की हात वर करायचे, याचा मला आजही राग येतो. बिल्ला मात्र फार आवडतो.

मालकांचा माल खरा आहे. भिंग आणि काटा गल्ल्यावरच असतो, वजन आपल्यासमोर करतात. मी एक चकचकीत बिल्ला उचलला तर म्हणाले, "काका, हा घासलाय. ठेवा खाली." असा दुकानदार मला दुसरीकडे भेटला नाही.

भाव रास्त, पण सगळ्यांचा नाही. लिंडेनम्युलर साडेतीन हजारांना पडला, ठीक. सिनसिनाटीच्या साध्या बिल्ल्यांना तेवढेच मागतात, ते देऊ नका; तिथल्या दुकानदारांनी अशा बिल्ल्यांचे शेकडो प्रकार काढले होते, साधे सहज मिळतात. पुठ्ठ्याच्या पाकिटांना स्टेपलच्या पिना आहेत, त्या तांब्याला ओरखडतात. घरी आल्या आल्या पाकीट बदला. उजेड कमी, म्हणून सकाळी जा.

१८३७ च्या मंदीतला, 'नॉट वन सेंट' म्हणजे 'एक सेंट नव्हे' असं लिहिलेला मोठा तांब्याचा बिल्ला सध्या खणात एकच आहे. कडेला ठोका बसलाय, तरी अक्षर न् अक्षर वाचता येतं. तो मी बाजूला ठेवायला सांगितलाय.