घरी भेट की फोनवर गप्पा?

एकाकी ज्येष्ठांना सोबत देणारे स्वयंसेवक बहुधा दोन तऱ्हांनी काम करतात: आठवड्यातून एकदा घरी जाऊन, नाहीतर ठरलेल्या वेळी फोन करून. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये माणसामाणसांतल्या नात्यांसाठी खास आयोग नेमला, इतका हा प्रश्न मोठा आहे.

माझा कल घरभेटीकडे आहे. फोनवर आजी "सगळं छान चाललंय" म्हणतात. समोर बसलं की न उघडलेली औषधाची पाकिटं दिसतात, पायावरची सूज दिसते. ज्यांना कमी ऐकू येतं, त्यांना समोरच्याचा चेहरा आणि ओठ बघून बोलणं कळतं. फोनवर ते नुसतं "हो, हो" करत राहतात. आणि प्रत्यक्ष भेटीत काही न बोलताही सोबत होते.

फोनचं बळ वेगळं. प्रवास वाचतो, त्यामुळे स्वयंसेवक जास्त मिळतात. अनोळखी माणसाने घरातला पसारा बघावा, हे अनेकांना नको असतं. त्यांचा संकोच खरा आहे, तो मानायलाच हवा. स्वयंसेवकाची आधी चौकशी मात्र दोन्हीकडे हवी. फसवणूक फोनवरूनही होते.

मंगळवारी चारला बोलायचं ठरलं की आजोबा तीनपासून घड्याळाकडे बघतात. तेवढं पाळणं जमणार नसेल, तर शब्दच देऊ नये. जमणार असेल, तर फोनने सुरुवात करा आणि ते स्वतः "या एकदा घरी" म्हणाले की जा.