डीबी नॅव्हिगेटर अॅप : जर्मनीत रेल्वे तिकीट स्वस्तात पाहिजे असेल तर

सासू-सासरे पुण्याहून आलेले, त्यांना म्युनिक-बर्लिन फिरवायचं होतं, म्हणून सगळी तिकिटं डॉइच बान (म्हणजे जर्मन रेल्वे, डीबी) यांच्या स्वतःच्या अॅपवरूनच काढली. दुसऱ्या एका साइटवर तेच तिकीट बघितलं तर वरून बुकिंग फी लावत होते, कशाला उगाच! अॅप एकदम भारी आहे, इंग्रजीत पण चालतं.

मेन गोष्ट म्हणजे फ्लेक्सप्राइस (कुठल्याही गाडीला चालणारं तिकीट), श्पारप्राइस (स्वस्त तिकीट) आणि सुपर श्पारप्राइस (त्याहून स्वस्त) यातला फरक नीट बघा. सुपरवालं सगळ्यात स्वस्त पण कॅन्सल केलं की पैसे गेले, आणि दोन्ही श्पारप्राइसमध्ये तिकिटावरचीच आयसीई (लांब पल्ल्याची फास्ट गाडी) धरावी लागते, गाडी चुकली तर तिकीट बाद. पण गाडीच लेट असेल आणि पोचायला २० मिनिटं किंवा जास्त उशीर होणार असेल तर ती अट सुटते, मग पुढच्या गाडीत बिनधास्त बसा. आणि गाड्या लेट होतात हो, जर्मनी असली म्हणून काय झालं! एक तास उशीर झाला तर २५ टक्के परत मिळतात, क्लेम अॅपमधूनच.

६ ते १४ वर्षांची पोरं मोठ्यांसोबत फुकट, फक्त बुक करतानाच त्यांना अॅड करा. सेकंड क्लासला सीट रिझर्व्ह करायचे पैसे वेगळे पडतात, म्हातारी माणसं बरोबर असतील तर तिथे कंजूषी नको. बानकार्ड २५ (रेल्वेचं सवलतीचं कार्ड) घेतलं तर श्पारप्राइसवर पण सूट आहे, पण ते आपोआप रिन्यू होतं, वेळेत बंद करायला विसरू नका.