लिव्हरचं की सिलिंडरचं? मराठवाड्यात राहून एअर पिस्तूल घेताना

नांदेड, लातूर, परभणी, बीड, कुठेही जा; १० मीटर नेमबाजी शिकणाऱ्या मुलाला किंवा मुलीला स्वतःचं एअर पिस्तूल घ्यायची वेळ आली की पालकांचा पहिला प्रश्न कंपनीचा असतो. स्टायर घ्यावं, मोरिनी घ्यावं, की वॉल्थर? माझ्या मते हा प्रश्न सगळ्यात शेवटी यायला हवा. यातलं कुठलंही पिस्तूल वर्कबेंचच्या व्हाइसमध्ये घट्ट आवळून, त्याला मानवणारे छर्रे घालून १० मीटरवरून झाडलं तर छर्रे जवळपास एकाच भोकातून जातात. टार्गेटवरचं दहा गुणांचं वर्तुळ ११.५ मि.मी. व्यासाचं आहे. त्यासाठी लागणारी अचूकता या सगळ्यांकडे आहे.

मग बघायचं काय? हवा कुठे भरणार, बिघडलं तर कोण उघडणार, आणि ग्रिप हातात बसते का. पुण्या-मुंबईत पहिल्या दोन प्रश्नांची सोय एका फोनवर होते. आपल्याकडे मात्र निवड त्यांच्यावरच ठरते.

नियम थोडक्यात सांगतो, कारण ते सगळ्या पिस्तुलांना सारखेच आहेत. कॅलिबर ४.५ मि.मी., वजन जास्तीत जास्त १५०० ग्रॅम, ट्रिगर ओढायला लागणारा जोर कमीत कमी ५०० ग्रॅमचा, आणि अख्खं पिस्तूल ४२० × २०० × ५० मि.मी.च्या पेटीत मावलं पाहिजे. दुर्बीण चालत नाही, एकाच हाताने धरायचं. पात्रता फेरीत ७५ मिनिटांत ६० शॉट. परवान्याबद्दल लोक उगाच घाबरतात. शस्त्र नियम, २०१६ नुसार ०.१७७ इंचापर्यंतच्या आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेच्या एअर गनला परवाना लागत नाही. मॅच पिस्तुलाची, म्हणजे स्पर्धेच्या पिस्तुलाची, ऊर्जा पाच-सहा ज्यूलच भरते.

हवेचे तीन प्रकार

बाजारात, विशेषतः जुन्या बाजारात, तीन तऱ्हेची पिस्तुलं समोर येतात.

पहिलं लिव्हरचं. रशियन बायकल आयझेडएच-४६एम हे त्यातलं सगळ्यांच्या ओळखीचं नाव. प्रत्येक शॉटआधी लिव्हर पूर्ण उघडून एकदाच दाबायचा, तेवढी हवा कोंडली जाते आणि तेवढीच सुटते. सिलिंडर नाही, पंप नाही, भरायला कुठे जाणं नाही. दर वेळी हवा सारखीच कोंडली जात असल्यामुळे वेगही एकसारखा राहतो. ज्याच्या तालुक्याच्या गावात रेंज नाही, जो घरच्याच माळवदावर किंवा गोदामात १० मीटर मोजून एकट्याने सराव करतो, त्या प्रौढ माणसाला मी आजही हे पिस्तूल सुचवीन.

त्याची अडचण खांद्याला कळते. ६० शॉट आणि त्याआधीचे साइटर, म्हणजे गुणांत न धरले जाणारे सरावाचे शॉट, धरले तर सत्तर-ऐंशी वेळा लिव्हर दाबावा लागतो. बारा-तेरा वर्षांच्या पोराचा हात तिसाव्या शॉटनंतर थरथरायला लागतो, आणि थरथरत्या हाताने केलेला सराव चुकीच्याच सवयी लावतो. दाबताना नळीचं तोंड टार्गेटच्या दिशेनेच राहील हे लहान मुलांकडून पाळून घेणंही कठीण जातं. शिवाय आता ते बहुधा जुनंच हाती येतं आणि पार्ट्ससाठी शोधाशोध करावी लागते. म्हणून मुलांसाठी हे नको.

दुसरं सीओटूचं. जुनी वॉल्थर सीपी२ किंवा एफडब्ल्यूबी (फाइनवर्कबाऊ) कंपनीची सी मालिका स्वस्तात मिळते, दिसायलाही देखणी असते. मराठवाड्यात ती घेऊ नका. कार्बन डायऑक्साइड सिलिंडरमध्ये द्रवरूपात असतो आणि त्याचा दाब तापमानावर हलतो. ३१ अंशांच्या वर तर तो द्रवरूपात राहूच शकत नाही. परभणीत मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढे जातो. सकाळच्या आणि दुपारच्या शॉटमध्ये फरक पडणारच, आणि चूक हाताची की गॅसची हे शिकणाऱ्याला कळायला मार्ग नाही.

तिसरं सिलिंडरचं, म्हणजे कॉम्प्रेस्ड एअरचं. आज स्पर्धेत जवळपास सगळे हेच वापरतात. २०० बारपर्यंत (बार हे दाबाचं माप) भरलेला छोटा सिलिंडर नळीखाली असतो, रेग्युलेटर तो दाब बराच खाली आणून दर शॉटला ठरावीक हवा सोडतो. लोड करणं हलकं, धक्का नगण्य, एका भरणात साधारण दीडशे शॉट. मुलाला जिल्हा आणि राज्य पातळीवर खेळायचं असेल तर याला पर्याय नाही. मग प्रश्न उरतो हवेचा.

हवा भरायची कुठे

टायरवाल्याचा कॉम्प्रेसर फार तर दहा-बारा बारचा. तिथे काही होत नाही. समुद्रकाठी पाण्यात बुडी मारणाऱ्यांचे सिलिंडर भरून मिळतात, आपल्याकडे समुद्रच नाही. राहतात दोन रस्ते.

एक, हातपंप. तीन टप्प्यांत दाब वाढवणारा उभा पंप मिळतो. पिस्तुलाचा सिलिंडर लहान असल्यामुळे तो हाताने भरणं शक्य आहे; रायफलवाल्यांपेक्षा आपण यात सुखी. सिलिंडर १०० बारच्या खाली जाऊ न देता भरला तर काम वडीलधारे काय, कॉलेजची पोरंही आरामात करतात. पण पावसाळ्यात हवेतला ओलावा पंपात पाणी होऊन बसतो. म्हणून थोडे हात मारले की थांबायचं, ब्लीड स्क्रू सोडून पाणी उडवायचं, पंप गार होऊ द्यायचा. घाईने भरलेला सिलिंडर गरम होतो, काटा २०० दाखवतो आणि अर्ध्या तासाने खाली उतरलेला दिसतो.

दोन, मोठा सिलिंडर. आग विझवणारे जवान धुरात शिरताना पाठीवर श्वसनाचा सिलिंडर लावतात. ते भरून देणारे लोक औद्योगिक वसाहतींच्या आसपास असतात. छत्रपती संभाजीनगरला वाळूज, शेंद्रा, जालन्याला एमआयडीसी, तिथल्या अग्निशमन साहित्याच्या व्यावसायिकांकडे चौकशी करा. ती हवा गाळलेली आणि कोरडी असते, पिस्तुलाला तेच हवं. असा एक सिलिंडर आणि योग्य ॲडॉप्टर तीन-चार घरांनी मिळून घेतला तर खर्च वाटला जातो. मोठा सिलिंडर ३०० बारचा असेल तर उत्तम, कारण २०० बारचा दोन-चार भरणांतच खाली येतो आणि पुढे पिस्तुलाला पूर्ण दाब देऊ शकत नाही.

इथे एक गोष्ट जीव तोडून सांगतो. वेल्डिंगचा किंवा दवाखान्यातला ऑक्सिजन कधीही भरायचा नाही. 'हवाच आहे की' म्हणून कोणी सुचवलं तरी नाही. जास्त दाबाचा ऑक्सिजन ग्रीसच्या कणालाही पेटवतो आणि सिलिंडर हातात फुटतो.

उन्हाळ्यात आणखी एक काळजी. २५ अंशांना २०० बार भरलेला सिलिंडर उन्हात उभ्या गाडीत ६५ अंशांपर्यंत तापला तर आतला दाब २२७ बारच्या घरात जातो. एप्रिल-मेमध्ये १८० पर्यंतच भरा आणि केस डिकीत न ठेवता सोबत घ्या.

मेकॅनिकल ट्रिगर की इलेक्ट्रॉनिक

स्टायरचं इव्हो १० मेकॅनिकल आहे, इव्हो १०ई इलेक्ट्रॉनिक. मोरिनीचं सीएम १६२ दोन्ही रूपांत मिळतं, एमआय मेकॅनिकल आणि ईआय इलेक्ट्रॉनिक. एफडब्ल्यूबीचं पी८एक्स आणि पार्डिनीचं के१२ मेकॅनिकल.

इलेक्ट्रॉनिक ट्रिगर बोटाला काचेसारखा लागतो. सुटताना कसलीही खरखर नाही, आणि ड्राय फायरिंगला, म्हणजे छर्रा न घालता ट्रिगर दाबण्याच्या सरावाला, दर वेळी छर्रा घालायचा लिव्हर उघडावा लागत नाही. घरी भिंतीसमोर तासभर ड्राय करणाऱ्या मुलासाठी हा फायदा खरा आहे. पण बॅटरी संपते, सर्किटला ओलावा मानवत नाही, आणि बोर्ड गेला तर पिस्तूल कुरिअरने लांब पाठवून आठवडे मोजत बसावं लागतं. मेकॅनिकल ट्रिगर स्क्रू आणि स्प्रिंगचा आहे. जाणता कोच तो रेंजवर उघडून, धूळ काढून, पुन्हा लावून देतो. आपल्याकडची धूळ, उन्हाळ्यातली वावटळ आणि दुरुस्तीचं अंतर बघता पहिलं पिस्तूल मेकॅनिकलच घ्या, असं माझं ठाम मत आहे. राष्ट्रीय स्पर्धेला पात्र होऊन दुसरं पिस्तूल घ्यायची वेळ येईल तेव्हा इलेक्ट्रॉनिकचा विचार करा.

ऐन स्पर्धेत पिस्तूल बिघडणं ही कल्पनेतली भीती नाही. टोकियो ऑलिंपिकमध्ये, जुलै २०२१ ला, १० मीटर एअर पिस्तूल प्रकारात मनू भाकरच्या पिस्तुलाचा छर्रा घालायचा लिव्हर पात्रता फेरी चालू असताना मोडला. दुरुस्तीत बराच वेळ गेला, ती ५७५ गुणांवर थांबली आणि दोन गुणांनी अंतिम फेरी हुकली. तीन वर्षांनी पॅरिसला याच प्रकारात तिने कांस्यपदक घेतलं. ऑलिंपिकमध्ये ही वेळ येते तर बालेवाडीला किंवा वरळीला राज्य स्पर्धेसाठी गेलेल्या आपल्या मुलावरही येईल. तेव्हा सोबतच्या नेमबाजाकडे तुमच्याच मॉडेलचं पिस्तूल असेल तर मदत होते. आपल्या रेंजवर जे मॉडेल जास्त चालतं तेच घ्यावं, हे मी म्हणतो ते यासाठी. सील, ॲडॉप्टर, अनुभव, सगळं वाटून वापरता येतं.

ग्रिप

पैसे हातात असले तरी मुलाने आधी क्लबच्या पिस्तुलावर काही महिने काढावेत, कारण तोवर त्याचा हात कोणत्या मापाचा आहे हेही नक्की नसतं. ग्रिप एक्सएस, एस, एम, एल अशा मापांत येते, डावखुऱ्यांची वेगळी. वाढत्या वयाच्या मुलाला 'पुढे होईल' म्हणून मोठं माप घेऊ नका. शाळेच्या गणवेशाचा हिशोब इथे चालत नाही. सैल ग्रिपमध्ये मनगट दर शॉटला नवीन जागा शोधतं.

तपासायची रीत सोपी आहे. पिस्तूल धरा, डोळे मिटा, हात उचलून टार्गेटकडे न्या, डोळे उघडा. पुढची साइट, म्हणजे नेम धरायचा खुंटा, मागच्या खाचेच्या बरोबर मध्ये, वरच्या कडा एका रेषेत दिसल्या तर ग्रिप तुमची. दर वेळी पुढची साइट एकाच बाजूला सरकलेली दिसत असेल तर ग्रिपचं लाकूड कुठेतरी जास्त आहे किंवा कमी आहे. जास्त असेल तिथे बारीक कानस आणि पॉलिश पेपर, कमी असेल तिथे वुड पुट्टी किंवा एम-सील. एका वेळी अगदी थोडं घासा, दोन दिवस त्यावर शूट करा, मग पुढचं. फक्त मनगटाला आधार मिळेल असं काही वाढवू नका; उपकरण तपासणीत पिस्तूल बाद होतं.

वजनातही हाच न्याय. बहुतेक मॅच पिस्तुलं एक किलोच्या आसपास भरतात. बारीक चणीच्या मुलांसाठी हॅमरली एपी२० सारखं हलकं, साधं आणि त्यातल्या त्यात परवडणारं पिस्तूल बरं. बाकी युरोपियन मॅच पिस्तुलांची नवी किंमत लाखाच्या पुढेच जाते.

देखभाल

लोक पिस्तुलाची हेळसांड करून जितकं बिघडवतात, त्याहून जास्त नको ती काळजी घेऊन बिघडवतात. सगळ्यात मोठा शत्रू घरातलं शिलाई मशीनचं तेल. दाबाच्या हवेत तेल पेटू शकतं आणि रबरी सीलही फुगतात. हवेच्या मार्गातल्या ओ-रिंगना (रबरी कड्यांना) कंपनीने सांगितलेलं सिलिकॉन ग्रीस, तेही बोटाला जेमतेम लागेल इतकंच.

नळीत फेल्टचे बोळे मागून पुढे काढा, एक-दोन डबे छर्रे संपले की पुरे. सिलिंडर हातानेच आवळायचा, पाना लावायचा नाही. ठेवताना तो पूर्ण रिकामा करू नका. छर्ऱ्याचा डबा दप्तरात आदळू देऊ नका, कडा चेपलेला छर्रा वेडावाकडा जातो. आणि छर्रे शिशाचे आहेत. सरावानंतर साबणाने हात धुतल्याशिवाय पोरांना डब्याला शिवू देऊ नका, पाण्याच्याही आणि जेवणाच्याही.

छर्ऱ्यांत सपाट डोक्याचे मॅच छर्रेच घ्या. आरडब्ल्यूएस आर१० आणि एच अँड एन फिनाले मॅच सगळीकडे चालतात. डोक्याचा व्यास ४.४९ की ४.५० हे तुमची नळी ठरवते, डब्यावरची किंमत नाही. दोन्हींचे पाच-पाच शॉट आधाराला टेकून झाडा आणि छोटा ग्रुप (भोकांचा पुंजका) देणारा डबा पुढच्या स्पर्धेपर्यंत पुरेल इतका घेऊन ठेवा.

ट्रिगर बरोबर ५०० ग्रॅमवर ठेवू नका. थोडी धूळ गेली की तपासणीचं वजन उचलताना सुटतो. दहा-वीस ग्रॅम जास्त ठेवला तर झोप शांत लागते.

जुनं घेताना

आपल्याकडे बहुतेकांचं पहिलं सिलिंडरचं पिस्तूल जुनंच असतं आणि त्यात गैर काही नाही. चांगली नळी लाखो शॉट टिकते. बघायचं ते सिलिंडरवरची तारीख. बहुतेक कंपन्या बनवल्यापासून दहा वर्षांची मुदत देतात, आणि सिलिंडर मुदतीत आहे की नाही ही जबाबदारी नियमाने नेमबाजाची आहे. स्वस्तात मिळालेल्या पिस्तुलासोबत आलेले सिलिंडर मुदतबाह्य निघाले तर नव्यांच्या किमतीने सौदा महागात पडतो. म्हणून भाव करण्याआधी तारखेचा फोटो मागवा.

मग पिस्तूल एक रात्र मागून घ्या. संध्याकाळी सिलिंडर भरून काटा टिपून ठेवा, जोडांवर साबणाचं पाणी ब्रशने लावा, बुडबुडे येतात का बघा. सकाळी काटा उतरला असेल तर सील बदलायचा खर्च किमतीतून वजा करायला सांगा. मूळ बिल, त्यावरचा नंबर आणि पिस्तुलावरचा नंबर जुळत असतील तरच पैसे द्या. तेच बिल आणि नेमबाजी संघटनेचं ओळखपत्र पुढे देवगिरी एक्सप्रेसने मुंबईला जाताना केसमध्ये लागतं, आणि विमानाने जायचं झालं तर सिलिंडर घरूनच रिकामा करून न्यावा लागतो.